क्रॅडॉकसाहेबांची हिरवळ आणि प्रश्न क्रमांक चौदा

खोटी तक्रार करायला माझी काही हरकत नाही. आमच्या लोअर विचबरीत तो फावल्या वेळचा उद्योगच आहे. इथे शेजारी शेजाऱ्याशी भांडत नाही, कौन्सिलला पत्र लिहितो. पण तक्रार करताना जनावरांना मध्ये आणू नये. माणूस पत्र वाचून गप्प बसतो. जनावर राहायला येतं. हे ज्ञान ऑब्रे क्रॅडॉक यांना एप्रिलमधल्या एका मंगळवारी सकाळी साडेसहाला झालं. त्या वेळी ते ड्रेसिंग गाऊनमध्ये होते आणि हातात चहाचा कप होता.

क्रॅडॉकसाहेब म्हणजे निवृत्त वजन-मापे निरीक्षक. चाळीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले, आणि तपासायला तराजू उरले नाहीत तेव्हा ते घरामागच्या हिरवळीकडे वळले. गवताची उंची बावीस मिलिमीटर. तेवीस झालं की यंत्र बाहेर. पट्टे गडद, फिका, गडद, फिका, आणि ते दोरी लावून आखलेले. खिशात सहा इंची पोलादी पट्टी कायम. बत्तीस वर्षांच्या संसारात मेरिएलबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या हिरवळीवर सात वेळा चालल्या असतील. त्यातल्या एकदा शेडला आग लागली होती म्हणून. "माझी सवत" असं त्या हिरवळीला म्हणत, आणि ते सगळंच काही थट्टेत नसे.

तर त्या मंगळवारी सवतीचे कुणीतरी हाल केले होते. गवताची साल हातभर लांबीची सोलून बाजूला टाकली होती. मधे मधे शंकूसारखे खड्डे. सातवा पट्टा तर जागेवरच नव्हता. क्रॅडॉकसाहेब घराकडे वळून ओरडले.

"मेरिएल! पोलिसांना फोन कर!"

"काय झालं?" आतून आवाज आला.

"हॅक्सबीने हिरवळ उकरली!"

"रॉयने? कमरेत उसण भरलीय त्याच्या. परवा मोजे घालायला बायको लागली त्याला. काहीतरीच तुझं."

इतक्यात कुंपणाच्या झुडपांवरून खुद्द रॉय हॅक्सबीचं डोकं वर आलं. शेजारचा रॉय म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर. त्यामुळे कुठेही अपघात दिसला की थांबून नीट बघायची त्याला सवय.

"गुड मॉर्निंग, मिस्टर क्रॅडॉक. अरेरेरे! डुकरं सोडली होती का हो?"

"यात तुमचा काही संबंध आहे का, हॅक्सबी?"

"माझा?" रॉयने दोन्ही हात कुंपणावर ठेवून नखं दाखवली. "ही नखं त्या कामाची नाहीत. हा बॅजर. अळ्या शोधत आला असणार. पण नाही, तसं कसं म्हणता येईल? बॅजर हिरवळीला हातही लावत नाही म्हणे. मी वाचलंय."

"कुठे वाचलंत?"

"तुमच्या पत्रात," रॉय म्हणाला आणि डोकं खाली गेलं.

आता ते पत्र. तीन वर्षांपूर्वी रॉयने घराच्या मागच्या बाजूला तळमजल्यावर एक खोली काढायचं ठरवलं. त्याची आई, ऑलिव्ह आजी, तेव्हा वरच्या मागच्या खोलीत असायची. गुडघे गेलेले, जिना उतरणं बंद. खोली झाली असती तर म्हातारीला जमिनीवर येता आलं असतं. नकाशा साधा होता. पण क्रॅडॉकसाहेबांनी होकायंत्र आणि कागद घेऊन हिशेब मांडला, आणि त्या खोलीची सावली जून महिन्यात रोज संध्याकाळी पावणेदोन तास हिरवळीच्या पश्चिम कडेवर पडणार असं सिद्ध केलं. कौन्सिलने उत्तर पाठवलं: गवतावर पडणारी सावली हे हरकतीचं कारण होऊ शकत नाही.

मग काय होऊ शकतं? क्रॅडॉकसाहेबांनी नियमावली आणून रात्रंदिवस वाचली. बॅजर होऊ शकतो, म्हणजे ते काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या तोंडाचं, बिळात राहणारं, रात्री हिंडणारं जनावर. ज्या देशात सगळ्यांना संरक्षण मिळतं की नाही ठाऊक नाही, त्या देशात बॅजरला मात्र कायद्याने मिळतं. त्याच्या बिळाशेजारी कुदळ मारायची तरी परवाना लागतो. साहेबांनी तीन पानी पत्र लिहिलं. हॅक्सबींच्या कुंपणालगत बॅजरची पुरातन वस्ती आहे. बॅजर हा सभ्य, शांत आणि निरुपद्रवी शेजारी आहे. "तीस वर्षांत त्याने माझ्या हिरवळीला नखही लावलेले नाही." हे वाक्य अक्षरशः खरं होतं, कारण तीस वर्षांत तिथे एकही बॅजर आला नव्हता.

पण मग वन्यजीव खात्याचा माणूस वस्ती तपासायला येणार असं कळलं. वस्ती तर नव्हती. तेव्हा चाळीस वर्षं एका ग्रॅमची लबाडी खपवून न घेतलेल्या या माणसाने सहा आठवडे रोज संध्याकाळी सात वाजता खिशातून भुईमुगाच्या दाण्यांची पिशवी काढली आणि कुंपणातून पलीकडे, हॅक्सबींच्या बांधावर, मूठ मूठ दाणे टाकले. तिथे सशाचं एक ओसाड बीळ होतं. पाचव्या आठवड्यात कुणीतरी त्याचं दार रुंद केलं. सहाव्यात तपासणी झाली. खोली नामंजूर झाली, आणि जानेवारीत ऑलिव्ह आजी सहा मैलांवरच्या वृद्धाश्रमात गेली.

गावाला दाण्यांचं काहीच ठाऊक नव्हतं. उलट इतक्या कळवळ्याने मुक्या जनावरासाठी लढणारा माणूस म्हणून लोकांनी त्यांना बॅजर मित्रमंडळाचं अध्यक्ष केलं. फाटकावर पितळी पाटी लागली. दाण्यांची गोष्ट साहेबांच्या मते जगात एकाच माणसाला माहीत होती, आणि तो माणूस आता ड्रेसिंग गाऊनमध्ये उकरलेल्या हिरवळीकडे बघत उभा होता. खोली नामंजूर झाली त्या दिवसापासून रॉय त्यांना ऑब्रे म्हणायचा थांबला आणि मिस्टर क्रॅडॉक म्हणायला लागला. आमच्याकडे शिवी देण्याची हीच रीत आहे.

एरवीही हे संकट मोठंच होतं, पण यंदा त्याला आणखी धार होती. जूनच्या तिसऱ्या रविवारी आमच्या गावात खुल्या बागांचा दिवस असतो. चर्चच्या छपराच्या दुरुस्तीला पैसे जमवायला लोक आपापल्या बागा उघडतात, गाव घरोघर हिंडतं, आणि दुपारी चारला शेवटच्या बागेत चहा होतो. तो चहा ज्याच्या हिरवळीवर, तो गावातला पहिला माणूस. बावीस वर्षं तो मान एका कर्नलच्या विधवेकडे होता. ती हिवाळ्यात कॉर्नवॉलला बहिणीकडे राहायला गेली. बावीस वर्षं साहेब त्या हिरवळीवर उभे राहून दुसऱ्याची काकडीची सँडविचेस खात होते आणि बुटाच्या टोकाने हळूच गवताची उंची अजमावत होते. यंदा समितीच्या अध्यक्ष मिसेस वेअरिंग यांनी कार्ड छापलं: "चहा: श्री. व सौ. क्रॅडॉक यांची हिरवळ." ते कार्ड साहेबांनी फायरप्लेसवर ठेवलं होतं. येता-जाता ते वाचत.

आता पंचाईत अशी की तक्रार करायची सोय नाही. बॅजर मित्रमंडळाचा अध्यक्ष बॅजरविरुद्ध बोलणार कसा? तेव्हा क्रॅडॉकसाहेब पबमध्ये गेले, अर्धा ग्लास बिअर घेतली आणि सहज म्हणाले, "श्रॉपशरला माझा एक मेव्हणा असतो. त्याच्या हिरवळीला बॅजरचा त्रास होतोय. काही उपाय आहे का?"

पबमधले सगळे वळून बघायला लागले. मेरिएलबाई आईबापांच्या एकुलत्या एक, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"मेव्हण्याला फार उकरलंय का?" जेथ्रो पिमने विचारलं. हा पंच्याऐंशी वर्षांचा गडी, त्यातली साठ त्याने त्याच खुर्चीत काढली.

"सातवा पट्टा पूर्ण गेला. म्हणजे, असं तो म्हणतो."

"मेव्हण्याला सांगा, रेडिओ लावून ठेव. माणसाचा आवाज ऐकला की पळतात."

साहेबांनी रेडिओ लावला. रात्रभर संसदेतल्या चर्चा. सकाळी रेडिओभोवती गोलाकार खड्डे. संसदेचं कामकाज इतक्या जवळून ऐकणारा श्रोता देशात दुसरा सापडला नसता. शेवटचा खड्डा तर रेडिओखालीच होता, आणि त्यात तिरका पडलेला रेडिओ मासेमारीच्या धोरणावर बोलत होता.

दुसऱ्या दिवशी पबमध्ये पाऊल टाकताच तिघांनी विचारलं, "मेव्हणा काय म्हणतोय?"

मग सिंहाची विष्ठा झाली. ती पार्सलने मिळते. या देशात काय मिळत नाही! वासाने बॅजर घाबरतो म्हणे. आमच्या बॅजरच्या सात पिढ्यांनी सिंह बघितलेला नाही, त्याला काय कळणार? त्याने ती नीट उकरून बाजूला केली आणि खालच्या अळ्या खाल्ल्या. गावातली मांजरं मात्र चार दिवस घराबाहेर पडली नाहीत, आणि पोस्टमनने पत्रं फाटकाबाहेर ठेवायला सुरुवात केली.

"आता एकच उपाय उरला," जेथ्रो म्हणाला. त्याने ग्लास खाली ठेवला, यावरून गोष्ट गंभीर आहे हे कळलं. "मेव्हण्याला सांगा, मूत्र. पुरुषाचं. रोज संध्याकाळी, हद्दीवरून सगळीकडे."

"पुरुषाचंच का?"

"ते बॅजरला विचारा. बायकांचं तो जुमानत नाही."

साहेबांनी घरी येऊन हिशेब केला. कुंपण एकसष्ट मीटर. दर मीटरला पाव लिटर धरलं तरी पंधरा लिटर. एका माणसाची दिवसाची क्षमता दीड लिटर. त्यांनी चहा अकरा कपांवर नेला. तरी पाण्यात कालवून वाढवल्याशिवाय भागेना, मग हिरव्या झारीत एकास नऊ हे प्रमाण ठरलं.

"माझ्या जॅमच्या भांड्यांना हात लावलास तर मी हॉटेलात जाऊन राहीन," मेरिएलबाई म्हणाल्या. "आणि ऑब्रे, लोकांनी विचारलं तर मी काय सांगू?"

"मेव्हण्याकडे गेलोय म्हणून सांग."

"तो तुझा मेव्हणा म्हणजे माझा भाऊ लागतो. त्याचं नाव तरी सांगून ठेव."

चौथ्या संध्याकाळी साहेब झारी घेऊन गुलाबांमागून वाकत वाकत चालले होते. समोर मिसेस वेअरिंग! हातात वही, डोक्यावर हॅट, चहाच्या टेबलांची जागा बघायला आलेल्या. साहेबांनी सातव्या पट्ट्यावर मेरिएलबाईंच्या तीन पांढऱ्या चादरी वाळत पसरून ठेवल्या होत्या, म्हणून हिरवळ वाचली. मिसेस वेअरिंगची नजर झारीवर गेली.

"मिस्टर क्रॅडॉक, ही द्रवखताची झारी ना? गुलाबांचं गुपित हेच तर!"

"तसं... घरगुतीच आहे."

"घरगुती म्हणजे उत्तमच! स्वतः करता?"

"स्वतःच," साहेब म्हणाले. खोटं बोलायला त्यांना वावच मिळाला नाही.

"मला द्याल थोडं? माझ्या स्वीट पीजच्या फुलवेलींना यंदा जोरच नाही. तुमचं नाव सांगेन हो सगळ्यांना!"

माणसाने अशा वेळी काय करावं? नाही म्हटलं तर कारण द्यावं लागतं. साहेबांनी दोन लिटर दिलं. पुढच्या आठवड्यात स्वीट पीज हातभर वाढल्या. मिसेस वेअरिंग स्वतः खताची परतफेड म्हणून जॅमची बाटली घेऊन आल्या, वर म्हणाल्या, "आणखी आहे का?" त्या दिवसापासून क्रॅडॉकसाहेब दर शुक्रवारी त्यांना दोन लिटर पोचवत होते. बॅजर दर शनिवारी येत होता.

मे महिना उजाडला तेव्हा दहापैकी चार पट्टे शिल्लक होते. अखेर साहेबांनी मान खाली घालून वन्यजीव खात्याला फोन केला. मिस ऑर्चर्ड नावाची बाई आली. तिशीची, रबरी बूट, गळ्यात दुर्बीण, चेहरा प्रसन्न.

"क्रॅडॉक? ते क्रॅडॉक? पत्रवाले?" तिने दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. "आमच्याकडे कुणी हिरवळीची तक्रार केली ना, की आम्ही त्याला तुमच्या पत्राची प्रत पाठवतो. 'सभ्य, शांत आणि निरुपद्रवी शेजारी.' काय लिहिलंय हो! लोक वाचून गप्प बसतात."

"त्याचं असं आहे," साहेब म्हणाले, "माझा एक मेव्हणा—"

"मेव्हण्याची हिरवळ इथेच आहे का?" मिस ऑर्चर्डने खड्ड्यांकडे बघत विचारलं.

ती तासभर हिंडली. कुंपणाच्या अलीकडून, पलीकडून, पोटावर झोपून. परत आली तेव्हा केसांत पाला आणि तोंडभर हसू. "आनंदाची बातमी आहे. हॅक्सबींच्या बांधावरचं बीळ रिकामं. दारात कोळिष्टकं. वर्षभर तिकडे कुणी राहत नाही. कुटुंब इकडे आलंय. तुमच्या शेडखाली! तीन दारं आहेत. आत पिल्लंही असणार."

कुंपणापलीकडे कुणीतरी शिट्टीवर एक आनंदी चाल वाजवायला लागलं.

तिने शेडला पिवळी फीत बांधली. फीत पार करायची नाही, आवाज करायचा नाही, इंजिन चालवायचं नाही.

"पण गवत कापायचं यंत्र आत आहे!"

"काही काळजी करू नका. ते यंत्र वापरत नाहीत."

"यांना हलवायचं कसं?"

"अर्ज करा. परवाना मिळतो कधी कधी. जुलैनंतर. त्याआधी पिल्लांचे दिवस."

"चहा जूनमध्ये आहे हो!"

मिस ऑर्चर्डने अर्ज पुढे केला. एकोणतीस प्रश्न. तिने पेनाने एकावर खूण केली. "बाकीचे सोपे आहेत. हा चौदावा नीट वाचा." प्रश्न क्रमांक चौदा: आपण किंवा आपल्या वतीने अन्य कोणी, कोणत्याही काळी, या प्राण्यांना अन्न घातले आहे काय? "हो असेल तर परवाना विसरा. बोलावून आणलेला पाहुणा हाकलायला आम्ही मदत करत नाही. पण तुम्ही कशाला घालाल!"

क्रॅडॉकसाहेबांनी पेन घेतलं. चाळीस वर्षांत त्यांनी किती वाणी, किती खाटीक याच जागी उभे केले होते. मालाच्या पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा ते बोटाने काढून टेबलावर ठेवत आणि काही न बोलता दुकानदाराकडे बघत. आता त्यांच्याकडे तसं बघायला कुणी नव्हतं. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: नाही. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. मेरिएलबाईंनी विचारलं तर म्हणाले, अकरा कप चहा झालाय.

चहा रद्द करा म्हणून ते मिसेस वेअरिंगकडे गेले. "कार्डं छापून झालीत, मिस्टर क्रॅडॉक," त्या म्हणाल्या. या देशात एकदा कार्ड छापलं की युद्ध झालं तरी चहा पुढे ढकलत नाहीत. शुक्रवारचे दोन लिटर घेऊन त्यांनी दार लावलं.

मग शेवटच्या आठवड्यात गावाने एक दृश्य पाहिलं. क्रॅडॉकसाहेब उशीवर गुडघे टेकून मेरिएलबाईंच्या शिवणाच्या कात्रीने गवत कापत होते. हातात पोलादी पट्टी. चार दिवसांत टेबलक्लॉथएवढा तुकडा झाला, बरोब्बर बावीस मिलिमीटर. बाकी सगळीकडे गवत पोटरीपर्यंत, आणि त्यात खड्डे.

रविवारी ऊन पडलं. चार वाजता गाव लोटलं. शेजारच्या तीन गावांतलीही माणसं आली, कारण रॉय हॅक्सबीने चौकात हाताने रंगवलेला फलक लावला होता: "खरे बॅजर! चहासोबत." टेबलं मांडली. मिसेस वेअरिंग स्वागताचं भाषण करायला उभ्या राहिल्या आणि भाषणाच्या मध्यापर्यंत त्यांचा उजवा पाय घोट्यापर्यंत आत गेला होता. त्या तशाच तिरक्या बोलत राहिल्या. केकची टोपली घसरली. स्वीट पीजचा गुच्छ मध्यभागी ठेवला होता आणि त्याखाली चिठ्ठी होती, "खत: श्री. क्रॅडॉक, घरगुती." जेथ्रो पिम ती चिठ्ठी वाचून इतका हसला की त्याला खुर्चीसकट धरावं लागलं. लोक फीत ओलांडली जाऊ नये म्हणून ओळीने उभे होते आणि शेडकडे बोट दाखवत होते. बावीस मिलिमीटरच्या त्या तुकड्यावर कुणीतरी आपला रेनकोट ठेवला होता.

क्रॅडॉकसाहेब किटलीपाशी उभे होते. बावीस वर्षं वाट पाहिलेली ती दुपार होती. त्यांना रडू येत होतं, खरंच येत होतं, पण कप भरायचे होते.

तेवढ्यात रॉय आला, चाकाच्या खुर्चीत ऑलिव्ह आजीला घेऊन. आश्रमातून दिवसभराची सुट्टी काढून आणलेलं. नव्वदीची, पाखराएवढी, डोक्याला निळी टोपी, मांडीवर कागदी पिशवी. दहा पावलांवर पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि खुर्ची थांबली. लोक मदतीला धावले.

"राहू दे, इथे बरं आहे," आजी म्हणाली. "मिस्टर क्रॅडॉक कुठे आहेत? हां. या इकडे. तुमच्यासाठी आणलंय."

तिने पिशवी पुढे केली. साहेबांनी उघडून बघितलं. भुईमुगाचे दाणे.

"आठवतं ना?" आजी म्हणाली. कान गेलेली माणसं बोलतात तशी, सगळ्या बागेला ऐकू जाईल इतकी मोठ्याने. "मी वरच्या खिडकीत असायचे. रोज सात वाजता तुम्ही पिशवी घेऊन यायचात आणि आमच्या बांधावर दाणे टाकायचात. मग अंधार पडताना तो यायचा, पट्ट्यापट्ट्यांच्या तोंडाचा. सहा आठवडे! मला जिना उतरता येत नव्हता ना. मला वाटायचं, बघा, शेजाऱ्याला किती माया, म्हातारीला खिडकीतून बघायला काहीतरी मिळावं म्हणून रोज येतो. मी हात करायचे तुम्हाला. पण तुम्ही एकदाही वर बघितलं नाहीत."

 फीत शाबूत आहे ना हे बघायला आलेली मिस ऑर्चर्ड केकचा तुकडा हातात धरून उभी होती. तो तिने परत बशीत ठेवला.

"तिकडे आश्रमात बघण्यासारखं काहीच नाही," आजी म्हणाली. "खिडकीसमोर गाड्या लावायची जागा आहे. तुमच्या दाण्यांची फार आठवण येते हो."

रॉय हॅक्सबी हसला नाही. त्याने क्रॅडॉकसाहेबांकडे बघितलं. पारड्याखालचा मेणाचा गोळा टेबलावर ठेवून साहेब जसे बघायचे, अगदी तसं.

"अडीच वर्षं," तो हळू म्हणाला. "दर रविवारी तिकडून निघताना ती मला विचारते, रॉय, खोलीचं काय झालं? आणि मी सांगतो, आई, तिथे एक फार जुनी वस्ती आहे, तिला हात लावता येत नाही."

 क्रॅडॉकसाहेबांना मेव्हणा आठवला, चादरी आठवल्या, झारी आठवली. यातलं काहीही आता चालणार नव्हतं. त्यांनी किटली खाली ठेवली.

"मिस ऑर्चर्ड," ते म्हणाले, "अर्ज आहे का बरोबर?"

"गाडीत आहे."

"चौदाव्या प्रश्नाचं उत्तर बदलायचंय. हो असं लिहायचंय. सहा आठवडे, रोज सात वाजता. मी घातले." आणि मग रॉयकडे वळून, सगळ्या गावासमोर, "मला लाज वाटते, रॉय. सावलीसाठी केलं. पावणेदोन तासांच्या सावलीसाठी."

 मेरिएलबाई, हिरवळीवरून थेट, बत्तीस वर्षांत आठव्यांदा, चालत आल्या आणि नवऱ्याच्या हातातली पिशवी घेऊन त्यांनी त्यातले चार दाणे ऑलिव्ह आजीच्या तळहातावर ठेवले.

परवाना अर्थातच मिळाला नाही. बॅजर शेडखालीच आहेत. यंत्रही आत आहे आणि आता त्यावर गंज चढला असणार. मित्रमंडळाची पितळी पाटी साहेबांनी स्वतः काढायला घेतली, तर मंडळाने काढू दिली नाही. "आता कुठे तुम्ही खरे अध्यक्ष झालात," असं जेथ्रो पिम म्हणाला, आणि पबमध्ये मेव्हण्याच्या नावाने एक ग्लास कायमचा राखून ठेवला गेला. मिसेस वेअरिंगना खताचा खुलासा कुणी केला हे कळलं नाही, पण त्या दोन महिने क्रॅडॉकांना बघून रस्ता बदलत होत्या. स्वीट पीज मात्र त्यांनी उपटल्या नाहीत.

हॅक्सबींच्या बांधावर आता कुणी राहत नव्हतं, तेव्हा खोलीला हरकत घ्यायला कायद्यात काही उरलं नाही. नवीन अर्जासोबत शेजाऱ्याचं संमतिपत्र लागतं. ते साहेबांनी एका ओळीत लिहून दिलं. ऑगस्टच्या शेवटी ऑलिव्ह आजी जमिनीवर राहायला आली. खोलीची सावली हिशेबाप्रमाणेच पडते, पश्चिम कडेवर, मिनिटाचाही फरक नाही. फक्त तिथे आता गवत नाही.

पहिल्या संध्याकाळी सात वाजता क्रॅडॉकसाहेब पिशवी घेऊन कुंपणापाशी आले. मिस ऑर्चर्डने एक मूठ चालेल, जास्त नको, असं लेखी दिलं होतं. ते मान खाली घालून दाणे मोजत होते, सवयीप्रमाणे.

खिडकी उघडली. "ऑब्रे," रॉयचा आवाज आला, "आई बोलावतेय."

आणि मागून आजीचा, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा: "आज तरी बघा की इकडे!"

साहेबांनी मान वर केली. खिडकीत एक म्हातारा हात हलत होता. तो तीन वर्षांपूर्वीपासून हलत असावा. त्यांनी दाण्यांची मूठ तशीच उंच केली आणि उलट हात केला.